मयताच्या हिश्श्याचे वर्णन

तराजू दुरुस्त करणारा काटेवाला गेला, त्याला दीड महिना झाला होता. पतपेढीचं पाकीट आलं तेव्हा त्याची बायको खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी कोटाच्या बाहीला रफू करत होती. हातातला टाका पुरा झाल्याशिवाय ही बाई देव आला तरी दार उघडायची नाही, असं तिचा नवरा म्हणायचा. तसा तिने टाका पुरा केला, सुई कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली आणि मग पाकीट फोडलं.

आत एक पत्र होतं आणि एक फॉर्म. पत्राचा मतलब असा, की मयत कर्जदाराने चार वर्षांपूर्वी राहत्या घरातला आपला अर्धा हिस्सा तारण ठेवून कर्ज उचललं होतं, त्यातलं निम्म्याहून जास्त फिटायचं आहे. वारसाने महिन्याच्या आत सोबतचा फॉर्म भरून द्यावा, नाहीतर तो हिस्सा विक्रीला काढावा लागेल.

तिने ते दोनदा वाचलं. कर्जाची तिला गंधवार्ता नव्हती. चार वर्षांपूर्वी त्याने दुकानात नव्या काट्यांच्या दुरुस्तीचं यंत्र आणलं होतं, आकडे उजळतात त्या काट्यांचं. पैसे कुठून आले विचारल्यावर तो म्हणाला होता, "जुनी येणी आली." ती गप्प बसली होती. दुकानोदुकानीचे जुने काटे अडगळीत चालले होते आणि त्यांच्याबरोबर याचा धंदाही चालला होता, हे तिला दिसत होतं. अशा वेळी माणसाला फार खोदून विचारू नये, एवढं शहाणपण तिला होतं. आता वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं. निदान दोघांनी मिळून काळजी केली असती.

आता या घराची हकिकत ऐकायला हवी, त्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही.

खाली दोन खोल्या, वर एक, मध्ये लाकडी जिना, मागे चार पावलांचं अंगण. एवढं घर दोघांनी मिळून घेतलं होतं. अर्धे पैसे तिच्या सुईचे, अर्धे त्याच्या काट्यांचे. नोंदणीच्या कचेरीतल्या कारकुनाने कागदावर लिहिलं, 'समसमान, अविभक्त.' दुसरा शब्द जड होता आणि कारकून घाईत. त्याने अर्थ सांगितला नाही, यांनी विचारला नाही. सही केली आणि किल्ली घेऊन घरी आले.

पण तराजूच्या माणसाला 'समसमान' शब्द पचेना. रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून तो म्हणाला, सम म्हणजे कसं सम? तोलल्याशिवाय कोण सांगणार? आणि लागला वाटण्या करायला. वरची खोली माझी, खालच्या तुझ्या. पुढची खिडकी माझी, अंगण माझं, नळ तुझा, जिना तुझा, शेगडी माझी.

"शेगडी तुमची?" ती म्हणाली. "मग रोज रांधा तुम्हीच."

तो विचारात पडला. "बरं, अदलाबदल करू," म्हणाला. आणि हा शब्द जो त्या दिवशी घरात शिरला, तो काही बाहेर गेला नाही.

महिना दोन महिने गेले असतील. रफूचं काम बारीक. एक धागा वर, एक धागा खाली, तेही काळ्या कापडावर काळा. मागच्या खोलीत बसून तिचे डोळे लाल व्हायचे. एके दिवशी तो कुरकुरत आला, या पुढच्या खिडकीचा मला वैताग आलाय, सकाळी नुसता उजेड तोंडावर येतो, झोप म्हणून नाही. तू घे ती, त्याबदली तुझा नळ दे. नळ पहिल्या दिवसापासून गळत होता. तिला वाटलं, बरा सापडला. तिने खिडकी घेतली.

मग जिना गेला. चौथी पायरी अशी वाजायची, की शेजारी विचारायचे, काल उशिरा झोपलात वाटतं. तिला लाजल्यासारखं व्हायचं. त्याने आपलं अंगण देऊन जिना घेतला. कपडे ठेवायच्या कपाटामागे भिंतीला ओल आली, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना वास लागेल म्हणून ती हवालदिल झाली, तेव्हा आपली कोरडी भिंत देऊन त्याने ओलीची भिंत घेतली. मागचं दार पावसात फुगायचं, तेही त्यानेच मागून घेतलं. दर वेळी सौदा झाला की हाताचे तळवे चोळून म्हणायचा, "फसलीस बघ. मी काट्याचा माणूस, माझ्याशी कसला व्यवहार करतेस?"

"बाजारातही असंच तोलता का हो? मग गिऱ्हाइकं तुम्हाला उचलून धरतात यात नवल नाही," ती म्हणायची.

आणि नळ ठिबकायला लागला की आतून तिचा आवाज यायचा, अहो, तुमचा हिस्सा गळतोय. तो पाना घेऊन उठायचा. पाहुण्यांना वाटायचं या दोघांचं काहीतरी बिनसलंय.

एकतीस वर्षांत हा खेळ इतका मुरला होता, की तो खेळ आहे हे तीही विसरली होती. म्हणून फॉर्मातल्या तिसऱ्या रकान्यात 'मयताच्या हिश्श्याचे वर्णन' असं छापलेलं पाहून तिला काहीच अडचण वाटली नाही. उलट सोपा प्रश्न आला म्हणून हायसं वाटलं. कोटाचं काम बाजूला ठेवून तिने तिसऱ्या प्रहरी, सुवाच्य अक्षरात, जागा पुरेना तेव्हा समासात आडवं लिहीत, नवऱ्याचा हिस्सा जसा होता तसा लिहून काढला. खाली चौथा रकाना होता, 'मयताची इतर देणी.' तिथे तिने लिहिलं : कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा काटा दुरुस्तीला घेतला होता, तो द्यायचा राहिला. धाकट्या भावाची छत्री. वरच्या खोलीला रंग देतो असं मला सांगितलं होतं, ते.

पतपेढीत कर्जाचं काम पाहणाऱ्या गृहस्थांना सगळे वसुलीसाहेब म्हणत. हुद्दा ऐकून माणसाने घाबरावं. पण साहेब म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर चष्मा शोधणारा, निवृत्तीला वर्ष राहिलेला साधा माणूस. फॉर्म हातात घेऊन त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"त्यांचा हिस्सा."

"इथे नुसतं 'अर्धा' लिहायचं असतं हो."

"अर्धा म्हणजे काय काय, ते नको का सांगायला? उद्या तुम्ही माझं काही उचलून नेलंत तर?"

शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका खुदकन हसली. साहेबांनी तिला डोळ्यांनी दटावलं आणि चूक कुठे झाली ते दाखवावं म्हणून फॉर्म मोठ्याने वाचायला घेतला. आवाज त्यांचा नोटीस वाचण्याचा, कोरडा.

"स्वयंपाकघरातला गळका नळ. जिना, चौथी पायरी वाजते. कपाटामागची ओल धरणारी भिंत. मागचं दार, पावसात लागत नाही. वरची खोली, उन्हाळ्यात तापते. पुढच्या खोलीतली खचलेली फरशी. छपराची उत्तरेकडची बाजू, एका ठिकाणी गळती. तुटक्या बिजागरीचं फडताळ." ते थांबले. कपाळावरचा चष्मा सापडला, तो डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा एकदा यादीवरून नजर फिरवली. "बाई, रागावू नका, पण एक विचारतो. तुमच्या यजमानांच्या वाट्याला धड असं काहीच कसं आलं नाही?"

तिने यादीकडे पाहिलं.

स्वतः लिहिताना तिला ते दिसलं नव्हतं. एकेक ओळ लिहिताना एकेक भांडण आठवत होतं, एकेक हसणं आठवत होतं. परक्याच्या तोंडून, परक्याच्या आवाजात सगळं ओळीने ऐकलं तेव्हा दिसलं. उजेडाची खिडकी कुणाची? तिची. अंगण, कोरडी भिंत, थंड राहणाऱ्या खालच्या खोल्या, शेगडी, धड बिजागरीचं कपाट, हे सगळं तिचं. एकतीस वर्षं तो माणूस दर सौद्याला फसवल्याचा आव आणून तळवे चोळत होता आणि घरातलं जे जे बिघडेल ते ते एकेक करून आपल्या पदरात घेत होता.

रफूवालीला ही कारागिरी कळायला हवी होती. फाटलेल्या कापडाला ती बाजारचा धागा कधी लावत नसे. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून, कुणाला दिसणार नाही अशा जागेवरून धागा काढून घ्यायचा आणि वर भरायचा. म्हणून तर रफू दिसत नाही. कापड मात्र आतून तेवढं विरतं. हे तिचं रोजचं काम, आणि तिच्याच घरात तिच्यावर कुणी ते करत होता, तर तिच्या नजरेतून सुटलं.

"माझ्याकडे आहे," ती शेवटी म्हणाली. "चांगलं ते सगळं माझ्याकडे आहे."

साहेबांनी फॉर्म अलगद खाली ठेवला. साहेब मग हळू आवाजात समजावून सांगायला लागले. अविभक्त म्हणजे मध्ये भिंत नाही, बाई. नळ त्यांचा नि खिडकी तुमची असं कायद्याला ठाऊक नसतं. प्रत्येक विटेत अर्धे तुम्ही, अर्धे ते.

"म्हणजे खिडकीतसुद्धा ते अर्धे?"

"कागदावर, हो."

तिने यावर मान डोलावली, जणू कुणी तिला फार दिवसांनी बरी बातमी सांगितली होती. साहेबांनी कर्जाची फाइल काढली. त्यात तारणाच्या करारावर छापील मजकुराखाली एक ओळ हाताने लिहिलेली होती आणि तिच्यापुढे सही. अक्षर तिने लांबूनच ओळखलं. आकडे लिहून लिहून ते अक्षरही आकड्यांसारखं सुटं सुटं झालं होतं. 'पत्नीच्या हिश्श्याला कोणत्याही प्रकारे तोशीस लागू नये.' साहेब म्हणाले, हे छापील करारात बसत नाही असं आम्ही सांगितलं होतं. पण ते हटून बसले, हे लिहिल्याशिवाय सही करत नाही म्हणाले.

नवा कोरा फॉर्म घेऊन ती घरी आली.

रविवारी धाकटा दीर आला. बस चालवून निवृत्त झालेला माणूस, बोलणं मोठ्याने, जणू मागच्या बाकावरच्यालाही ऐकू जायला हवं. त्याला कुणीतरी कर्जाचं आणि तिने भरलेल्या फॉर्माचंही सांगितलं होतं. आल्या आल्या तो म्हणाला, छत्रीचं मनावर घेऊ नका वहिनी, ती मीच दादाकडून ढापली होती. मग खुर्चीत बसून गंभीर झाला. त्याचा फंड आला होता. पोरं आपापल्या पायांवर उभी होती. दादाने त्याला शिकवलं, पहिली नोकरी लागेपर्यंत पोसलं. तेव्हा हे कर्ज तो एकरकमी फेडणार होता आणि त्याला घरात हिस्साबिस्सा काही नको होता.

"तुमच्या डोक्याला कटकट नको, वहिनी. एकदा भरलं की घर सोळा आणे तुमचं. दादाचं नाव कमी करून टाकतील, की झालं."

"काय करून टाकतील?"

"नाव कमी. कागदावरनं. तसंच म्हणतात."

ती चहा ठेवायला आत गेली. कमी करतील. कापडातला धागा कमी करावा, आमटीतलं मीठ कमी असावं, तसं एका माणसाला कागदावरून कमी करतील. आणि मग घर सगळं तिचं. गळका नळ तिचा, वाजणारी पायरी तिची. आतून हाक मारून 'तुमचा हिस्सा' म्हणावं असं त्या घरात काही उरणार नाही. दीड महिना तिने धीराने काढला होता. लोक म्हणत, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, ती रोज त्या पायरीवरून वर जाताना थांबत होती, नळ ठिबकला की हाक मारायला तोंड उघडत होती, आणि तेवढ्यावर दिवस ढकलत होती. घर अर्धं त्याचं होतं म्हणून तिला त्यात राहता येत होतं.

आणि नवऱ्याचा रागही आला. देवाशपथ आला. एवढं सगळं अंगावर घेतलंत, कर्जही घेतलंत, तेही आपल्याच बाजूला, मला कळू न देता. अदलाबदलीत एकदा तरी माझ्या वाट्याला वाईट येऊ द्यायचं होतं. मला काय उचललं नसतं?

चहा उतू गेला. बाहेरून दिराने विचारलं, काही जळतंय का. तिने शेगडी पुसली, तोंडावर पाणी मारलं आणि दोन कप घेऊन बाहेर आली.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे, मला ठाऊक आहे. पण हे मी फेडणार."

तो चिडला. सुईच्या पैशांनी? डोळे राहिलेत का तुमचे? पतपेढीवाले काय तुमचे जावई आहेत? बराच वेळ तो बोलत होता आणि ती ऐकत होती. शेवटी तो दमला आणि म्हणाला, मग मी बरोबर येतो, तुम्हाला तिथे फसवतील.

पतपेढीत साहेबांनी तिचा नवा फॉर्म पाहिला. तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता, 'अर्धा.' चौथा कोरा. साहेबांना थोडं वाईटच वाटल्यासारखं दिसलं. त्यांनी हप्त्यांचा तक्ता पुढे ओढला. तीन वर्षांत फेडता येईल, पाच वर्षांत येईल, हप्ता अमुक बसेल.

"सगळ्यात लांब मुदत किती असते?" तिने विचारलं.

"बारा वर्षं. पण ती घेऊ नका, बाई. हप्ता लहान दिसतो, व्याज मात्र दुप्पट जातं. शिवाय फिटेपर्यंत हिस्सा तुमच्या नावावर चढत नाही. कर्जाच्या बोज्यासकट मयताच्याच नावावर राहतो."

"तोवर राहतो?"

"राहतो."

"कमी करत नाहीत?"

"बोजा असताना कसं करणार?"

"मग बारा लिहा."

दीर खुर्चीतून पुढे झाला. "वहिनी, अहो हिशेब करा. बारा वर्षांनी तुम्ही सत्तरीच्या व्हाल. आणि मध्येच काही..."

"मध्येच मी गेले, तर दोघांची नावं एकदमच कमी करा," ती म्हणाली. "त्यालाही मी हरकत घेणार नाही."

दिराने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी टंकलेखिकेकडे, आणि टंकलेखिका उगाच कागद सारखे करत बसली. मग दीर मागे टेकला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "लिहा साहेब. दादाही असाच होता. त्यालाही सांगून काही उपयोग नसायचा."

साहेबांनी बारा लिहिलं. तिने सही केली. कर्जदाराच्या जागी त्याचं नाव, भरणाऱ्याच्या जागी तिचं. दोन नावं एकाखाली एक, मध्ये बोटभर अंतर. पावती कर्जदाराच्या नावाने निघेल, साहेब म्हणाले, नियमच तसा आहे, चालेल ना? ती म्हणाली, चालेल.

पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या एक तारखेला होता. ती उघडायच्या वेळेलाच गेली. गर्दी होती. पैसे खिडकीत भरायचे आणि पावती तयार होईपर्यंत बाकावर बसायचं, अशी तिथली पद्धत. रोखपाल तरुण होता, नवा होता, आवाज खणखणीत. पावती झाली की नाव वाचून हाक मारायचा, आणि माणूस उठून जायचा.

बाकावर तिच्या एका बाजूला लहान मूल घेऊन एक बाई होती, दुसऱ्या बाजूला एक म्हातारा पेंगत होता. तिने पिशवी मांडीवर घेतली. कामाला सुट्टी नव्हती, घरी दोन शालू आणि एक कोट वाट पाहत होते. लवकर सुटलं तर बरं, असं ती मनाशी म्हणत होती.

आणि रोखपालाने हाक मारली.

पूर्ण नाव. आधी त्याचं, मग त्याच्या वडिलांचं, मग आडनाव, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. साऱ्या बाजाराने ज्याला काटेवाला म्हटलं, भावाने दादा म्हटलं आणि तिने जन्मभर नुसतं अहो म्हटलं, त्याचं ते नाव भर सकाळी, चाळीस माणसांच्या गर्दीवरून, तो हजर आहे असं धरून कुणीतरी घेतलं. एकदोघांनी मान वळवून पाहिलं, कोण उठतंय म्हणून.

तिने ऐकलं होतं. पावतीसाठी हात पुढे करायचा तेवढा बाकी होता. पण ती उठली नाही. पिशवी घट्ट धरून, खिडकीकडे बघत, ती तशीच बसून राहिली.

रोखपालाने पावतीवरून नजर वर केली, सगळ्या बाकांवरून फिरवली, आणि आधीपेक्षा मोठ्याने पुन्हा नाव घेतलं.